पॅट्रिक गेडीस: कॉम्प्युटर येण्याआधी शहराचं मॉडेल बनवणारा माणूस

एखाद्या जुन्या वस्तीचा पुनर्विकास करायचा ठरला की आजकाल प्लॅनर मंडळी आधी ड्रोन उडवतात. वरून शेकडो फोटो घेतात, ते सॉफ्टवेअरमध्ये जोडतात आणि त्या जागेचं थ्रीडी मॉडेल तयार करतात. यालाच डिजिटल साइट मॉडेल म्हणतात. मग त्या एकाच मॉडेलवर वेगवेगळे पर्याय ठेवून बघतात. पर्याय १: सगळं पाडून उंच टॉवर. पर्याय २: रस्ते रुंद, घरं थोडी कमी. पर्याय ३: जुनी घरं शक्य तितकी ठेवायची आणि फक्त अडचणीच्या जागा मोकळ्या करायच्या.

प्रत्येक पर्यायात पावसाचं पाणी कुठे तुंबेल, दुपारी सावली कुठे पडेल, शाळेपर्यंत किती चालावं लागेल आणि किती कुटुंबांना घर सोडावं लागेल, हे एक वीटही न हलवता कळतं. बुलडोझर आल्यावर कळून काही उपयोग नसतो, म्हणून हे महत्त्वाचं.

पण या पद्धतीमागचा विचार कॉम्प्युटरपेक्षा जुना आहे. आधी जागा नीट मोजा, माहितीचे थर एकमेकांवर ठेवा, मग पर्यायांची तुलना करा, हे शंभर वर्षांपूर्वी एक स्कॉटिश माणूस आपल्याकडच्या गल्लीबोळांतून पायी फिरून करत होता. त्याचं नाव पॅट्रिक गेडीस. तंजावर, ठाणे, इंदूर अशा शहरांवर त्याने अहवाल लिहिले आणि मुंबई विद्यापीठात तो प्रोफेसरही होता. चला, त्याची गोष्ट बघूया.

डिग्री नसलेला प्रोफेसर

गेडीसचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ चा, स्कॉटलंडमधल्या बॅलेटर गावातला. वडील सैन्यात होते. बालपण पर्थ शहराजवळच्या टेकड्यांवर आणि घरच्या बागेत गेलं. कॉलेजसाठी एडिंबरा विद्यापीठात गेला आणि एका आठवड्यात बाहेर पडला. ज्या पद्धतीने तिथे वनस्पतिशास्त्र शिकवत होते ते त्याला पटलंच नाही. मग लंडनला जाऊन थॉमस हेन्री हक्स्ली या नावाजलेल्या जीवशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकला. डिग्री मात्र कधीच घेतली नाही.

१८७९ मध्ये संशोधनासाठी तो मेक्सिकोला गेला आणि तिथे त्याची दृष्टी गेली. काही आठवडे त्याला अंधाऱ्या खोलीत पडून राहावं लागलं. विचार करा, मायक्रोस्कोपवर करिअर उभं करणाऱ्या पंचविशीतल्या मुलाला काहीच दिसत नाही! या काळात तो खिडकीच्या तावदानांवरून बोटं फिरवायचा. त्या चौकोनांवरून त्याला सुचलं की प्रत्येक चौकोनात एक विषय ठेवला, तर कोणता विषय कुणाला जोडलेला आहे ते एका नजरेत मांडता येईल.

दृष्टी परत आली, पण तासन्‌तास मायक्रोस्कोपमध्ये बघणं पुढे जमलं नाही. चौकोनांची सवय मात्र जन्मभर राहिली. कागदाला घड्या घालून तो चौकोन करायचा आणि त्यात माहिती भरायचा. त्याचा सगळ्यात प्रसिद्ध तक्ता तीन गोष्टींचा होता: जागा, काम आणि माणसं. जागेमुळे काम ठरतं, कामामुळे माणसांचं जगणं ठरतं आणि माणसं पुन्हा जागा बदलतात. आपल्या भाषेत सांगायचं तर हा तीन बाय तीनचा मॅट्रिक्स झाला. स्प्रेडशीट नव्हतं, एवढाच काय तो फरक.

वस्तीत राहायला गेलेला माणूस

१८८६ मध्ये त्याचं ॲना मॉर्टन हिच्याशी लग्न झालं. त्यानंतर या जोडप्याने एडिंबरामधली चांगली जागा सोडली आणि जुन्या शहरातल्या जेम्स कोर्ट नावाच्या दाट, कळकट वस्तीत बिऱ्हाड केलं. तिथे राहून त्यांनी शेजाऱ्यांसोबत भिंती रंगवल्या, मोकळ्या तुकड्यांवर बागा केल्या, मोडकळीला आलेल्या इमारती दुरुस्त केल्या. ज्या पाडायलाच हव्या होत्या तेवढ्याच पाडल्या, म्हणजे मागच्या खोल्यांत ऊन आणि वारा जाईल. पुढे भारतात त्याने जे केलं त्याचा पहिला प्रयोग इथे झाला होता. १८८८ मध्ये तो डंडी इथल्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राचा प्रोफेसर झाला. नोकरी वर्षातले काही महिनेच होती, त्यामुळे बाकीचा वेळ शहरांना देता आला.

१८९२ मध्ये त्याने एडिंबराच्या किल्ल्याजवळची एक उंच इमारत घेतली आणि तिला आउटलुक टॉवर नाव दिलं. सगळ्यात वर कॅमेरा ऑब्स्क्युरा होता. म्हणजे भिंग आणि आरसा वापरून बाहेरच्या शहराचं हलतं चित्र अंधाऱ्या खोलीतल्या टेबलावर पाडणारं यंत्र. माणसं, गाड्या, धूर सगळं लाइव्ह दिसायचं. खालच्या मजल्यावर एडिंबराची माहिती, त्याखाली स्कॉटलंडची, असं करत तळाशी जगाची. तुम्ही मॅप ॲपमध्ये दोन बोटांनी झूम आउट करता ना, तेच इथे जिना उतरून व्हायचं. आजच्या शब्दांत हा दगडी इमारतीत बसवलेला डॅशबोर्ड होता.

पर्यायांची पहिली मोठी परीक्षा, आणि नापास

उद्योगपती अँड्र्यू कार्नेगीने डनफर्मलिन या आपल्या जन्मगावाला मोठी देणगी आणि एक विस्तीर्ण पार्क दिला होता. तिथल्या ट्रस्टने आराखड्यासाठी गेडीसला बोलावलं. सोबत थॉमस मॉसन या बागरचनाकारालाही वेगळा आराखडा करायला सांगितलं. म्हणजे एकच साइट आणि दोन पर्याय. गेडीसने गावाचा कोपरान्‌कोपरा तपासला, सध्याच्या जागेचे फोटो आणि बदलानंतरची चित्रं तयार करून घेतली आणि १९०४ मध्ये जाडजूड अहवाल छापला.

ट्रस्टने दोन्ही आराखडे बाजूला ठेवले! गेडीसचा अहवाल फारच पसरट होता. पार्कचा प्रश्न विचारला होता, त्याने अख्ख्या शहराचं उत्तर दिलं. हा दोष त्याच्यात शेवटपर्यंत राहिला. त्याचं लिखाण किचकट असायचं, एका वाक्यात चार विषय यायचे. मॉडेल कितीही चांगलं असलं तरी निर्णय घेणाऱ्याला दहा मिनिटांत फरक दिसला नाही, तर ते मॉडेल कपाटात जातं. आजही प्लॅनिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये शेवटी पर्यायांचा एक साधा तुलना-तक्ता काढतात, तो यासाठीच.

बुडालेलं प्रदर्शन

१९११ पासून गेडीस शहरांचं एक फिरतं प्रदर्शन घेऊन हिंडत होता. नकाशे, चित्रं, आराखडे असं सगळं त्यात होतं. १९१४ मध्ये मद्रासच्या गव्हर्नरच्या निमंत्रणावरून तो भारतात यायला निघाला. प्रदर्शनाचं सामान क्लॅन ग्रँट या दुसऱ्या जहाजावर होतं. पहिलं महायुद्ध नुकतंच पेटलं होतं. एम्डेन या जर्मन युद्धनौकेने ते जहाज बुडवलं. वर्षानुवर्षं जमवलेला डेटा समुद्राच्या तळाशी गेला आणि बॅकअप नव्हता.

मित्रांनी धावपळ करून थोड्याच महिन्यांत नवं सामान जमवून पाठवलं. १९१५ च्या सुरुवातीला मद्रासमध्ये प्रदर्शन भरलं आणि गेडीसला भारतातल्या शहरांमधून बोलावणी येऊ लागली.

पॅच की रीराइट?

तो काळ समजून घ्या. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, १८९८ मध्ये सुधारणेसाठी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्ती म्हणजे रोगराई, म्हणून वस्तीतून सरळ रुंद रस्ता काढायचा आणि मधे येईल ते पाडायचं, हा तेव्हाचा ठरलेला उपाय होता. हेतू चांगला, पण ज्यांची घरं गेली ती माणसं जायची कुठे? शेजारच्या वस्तीत. मग तिथली गर्दी वाढायची. रोग एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत गेला, एवढंच.

गेडीसने मराठ्यांच्या जुन्या गादीच्या तंजावरात असाच एक प्रस्ताव पाहिला. इंजिनिअरांनी नकाशावर पट्टी ठेवून सरळ रस्ते आखले होते. गेडीस नकाशा हातात घेऊन गल्लीत उतरला. कोणतं घर खरंच पडायला आलंय, कोणती जागा रिकामी आहे, विहीर कुठे, झाड कुठे, देऊळ कुठे, लोक बसतात कुठे, हे सगळं तो नकाशावर टिपत गेला. याला तो डायग्नॉस्टिक सर्व्हे म्हणायचा. डॉक्टर आधी तपासतो, मग औषध देतो, तसं.

मग त्याने दुसरा पर्याय मांडला. पडीक घरं आणि मोकळे तुकडे जोडून छोटे चौक करायचे, अडलेल्या गल्ल्या मोकळ्या करायच्या, झाडं लावायची, बाकी घरांना हात लावायचा नाही. या पद्धतीला त्याने कॉन्झर्व्हेटिव्ह सर्जरी हे नाव दिलं. मूळ प्रस्तावापेक्षा खर्च खूपच कमी आणि बेघर होणारी कुटुंबंही कमी.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना ही भानगड चांगली माहीत आहे. जुना कोड बघितला की प्रत्येक नव्या डेव्हलपरला वाटतं, सगळं फेकून पहिल्यापासून लिहू. पण त्या जुन्या कोडमध्ये कुणीतरी सोडवलेल्या शंभर अडचणी असतात, ज्या डॉक्युमेंटमध्ये कुठेच नसतात. वस्तीचंही तसंच. फरक इतकाच की कोड परत आणता येतो, पाडलेलं घर नाही.

ठाण्यासह मुंबई इलाख्यातल्या काही शहरांवरही त्याने १९१५ मध्ये अहवाल दिले. तेव्हा मलेरियाच्या भीतीने शहरातली तळी बुजवण्याची टूम निघाली होती. गेडीसचं मत उलट होतं. तळं पाणी साठवतं, हवा थंड ठेवतं, पुराचं पाणी झेलतं. डासांसाठी तळ्यात मासे सोडा आणि ते स्वच्छ ठेवा, बुजवू नका, असा त्याचा आग्रह होता.

हेच आज कसं करतात?

आता थोडं टेक्निकल. गेडीसने पायी जमवलेली माहिती आज जीआयएस सॉफ्टवेअरमध्ये थरांच्या रूपात भरतात. जमिनीचा चढ-उतार हा एक थर, इमारती दुसरा, झाडं तिसरा, नळ आणि गटारं चौथा, लोकसंख्या पाचवा. क्यूजीआयएस नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, लॅपटॉपवर कुणीही वापरू शकतं.

चढ-उताराच्या थराला डिजिटल एलिव्हेशन मॉडेल म्हणतात. जगभराचा जो फुकट डेटा मिळतो त्यातला एक २००० सालच्या स्पेस शटल मोहिमेतला आहे. त्यात एक पिक्सेल म्हणजे साधारण ३० बाय ३० मीटर. इतक्या जागेत अख्खी चाळ मावते! म्हणून नदीच्या खोऱ्यासाठी तो डेटा ठीक, पण गल्लीसाठी ड्रोन किंवा लायडार लागतो. लायडार म्हणजे लेझरचे किरण सोडून ते परत यायला लागलेल्या वेळेवरून अंतर मोजणारं यंत्र. यातून जमिनीचे चढ-उतार काही सेंटिमीटरपर्यंत कळतात. २४ एप्रिल २०२० ला सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची मोजणी ड्रोननेच होते.

आता तुलना कशी होते ते एका हिशोबाने बघू. एक हेक्टर वस्ती, म्हणजे १०,००० चौरस मीटर. त्यावर ५० मिलिमीटर पाऊस पडला की एकूण पाणी ५ लाख लिटर. पर्याय १ मध्ये जवळपास सगळीकडे काँक्रीट आहे आणि ९० टक्के पाणी वाहून जातं असं धरू. म्हणजे साडेचार लाख लिटर गटारात. पर्याय ३ मध्ये झाडं, मातीचे चौक आणि जुनं तळं ठेवलंय, म्हणून ५० टक्के वाहतं असं धरू. म्हणजे अडीच लाख लिटर. फरक २ लाख लिटरचा. दहा हजार लिटरचे वीस टँकर, आणि तेही एका हेक्टरमागे! असाच हिशोब सॉफ्टवेअर सावलीचा, चालण्याच्या अंतराचा, विजेचा आणि खर्चाचा करतं, आणि सगळे आकडे शेजारी-शेजारी ठेवतं.

इंदूरची दिवाळी

गेडीसचं भारतातलं सगळ्यात मोठं काम होळकरांच्या इंदूरचं. त्याचा दोन खंडांचा अहवाल १९१८ मध्ये आला. त्यात नदीकाठच्या बागा होत्या, घरांच्या वस्त्या होत्या, आणि मैला लांब पाइपने वाहून नेण्याऐवजी जवळच्या बागांना खत म्हणून वापरण्याचा विचारही होता.

पण लोकांना त्याची आठवण राहिली ती वेगळ्या कारणाने. शहरात प्लेगची दहशत होती आणि नकाशे घेऊन फिरणारा हा गोरा आता आपली घरं पाडणार, असं लोकांना वाटत होतं. सर्व्हे करायचा तर लोकांचा विश्वास हवा. मग त्याने दरबाराकडून एका दिवसापुरता महाराजांचा अधिकार मागून घेतला आणि जाहीर केलं की यंदाची दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या वाटेने जाणार नाही. जिथे घरं सगळ्यात जास्त झाडून-पुसून, दुरुस्त करून ठेवली असतील, त्या रस्त्याने जाईल.

झालं! प्रत्येक गल्ली कामाला लागली. गाड्या भरभरून कचरा बाहेर निघाला. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराचा पुतळा काढला आणि शेवटी जाळला. आज ॲपवाले याला गेमिफिकेशन म्हणतील. गेडीसला मात्र त्यातून वस्तीची दारं उघडी मिळाली.

बाहेर एवढं सगळं चालू असताना घरी मात्र १९१७ हे वर्ष भयंकर गेलं. एप्रिलमध्ये मोठा मुलगा ॲलस्डेअर फ्रान्सच्या आघाडीवर मारला गेला. जूनमध्ये ॲना भारतातच आजारपणात गेली. जेम्स कोर्टच्या वस्तीत त्याच्या बरोबरीने राहिलेली बायको आणि आपलं काम पुढे नेईल अशी आशा असलेला मुलगा, दोघंही तीन महिन्यांत गेले. तरी तो थांबला नाही.

मुंबईचा प्रोफेसर

१९१९ मध्ये गेडीस मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र विभागाचा पहिला प्रोफेसर झाला आणि १९२४ पर्यंत राहिला. त्याच्या विद्यार्थ्यांमध्ये मालवणचे गो. स. घुर्ये होते. पुढे घुर्ये केंब्रिजला जाऊन आले आणि १९२४ मध्ये त्यांनीच हा विभाग सांभाळला. भारतातल्या समाजशास्त्राच्या इतिहासात त्यांचं नाव फार मोठं आहे. गेडीसने याच काळात जगदीशचंद्र बोस यांचं चरित्रही लिहिलं, ते १९२० मध्ये आलं.

१९२५ मध्ये त्याने तेल अवीवचा आराखडा दिला. मोठे रस्ते गाड्यांसाठी, आतल्या अरुंद वाटा घरांसाठी आणि ब्लॉकच्या मधोमध छोटी बाग. हा आराखडा मात्र बराचसा प्रत्यक्षात आला. त्यावर उभ्या राहिलेल्या व्हाइट सिटी भागाला २००३ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा ठरवलं. म्हातारपणी तो फ्रान्समधल्या माँपेलिए इथे राहिला. १९३२ मध्ये त्याला सर ही पदवी मिळाली आणि त्याच वर्षी १७ एप्रिलला तो गेला.

मग आपल्याला यातून काय?

एक गोष्ट लक्षात घ्या. मॉडेल फक्त त्याच गोष्टींची तुलना करतं ज्या त्यात भरल्या आहेत. भाड्याच्या खोलीत राहणारी माणसं, कोपऱ्यावरची भाजीवाली मावशी, बायका संध्याकाळी बसतात तो पार, यांचा थर नसेल तर सॉफ्टवेअरच्या दृष्टीने ती जागा रिकामी. मग पर्याय १ सगळ्यात स्वस्त दिसणारच, कारण ज्यांना किंमत मोजावी लागणार त्यांना मोजलंच नाही.

हे नुसतं तात्त्विक नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये मुंबईचा विकास आराखड्याचा मसुदा आला, तेव्हा त्यात इतक्या चुका सापडल्या की एप्रिलमध्ये राज्य सरकारने तो नव्याने करायला सांगितला. चुका कुणी शोधल्या? आपापल्या भागाचा नकाशा उघडून बघणाऱ्या साध्या नागरिकांनी. हजारो हरकती आल्या. सुधारित आराखडा शेवटी २०१८ मध्ये मंजूर झाला.

तुमच्या शहराचाही विकास आराखडा असतो. मसुदा जाहीर झाला की हरकती आणि सूचनांसाठी मुदत मिळते. तेव्हा तुमच्या वॉर्डाचा नकाशा डाउनलोड करा आणि गेडीससारखं तो हातात घेऊन गल्लीत उतरा. नकाशात आहे ते जमिनीवर आहे का? जमिनीवर आहे ते नकाशात आहे का? फरक दिसला तर जीपीएस असलेला फोटो काढा आणि मुदतीच्या आत लेखी हरकत द्या. गेडीसकडे एवढी सोय नव्हती, तुमच्या खिशात आहे.